चित्राताई युगांडाला निघाल्या

वल्लरीच्या पुलाच्या उद्घाटनाची तारीख ठरली आणि डोंबिवलीच्या घरात सगळ्यात जास्त धांदल भाऊंची उडाली. वल्लरी त्यांची एकुलती एक मुलगी. पावसाळ्यात नदी चढली की युगांडातल्या एका डोंगरी गावाचा शाळेशी आणि दवाखान्याशी संबंध तुटायचा. तिथे तिच्या देखरेखीखाली पूल उभा राहिला होता. भाऊंचं स्वतःचं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज करण्यात गेलेलं. आपल्या पोरीने परक्या मुलखात पूल बांधला, या विचारानेच त्यांची मान ताठ व्हायची. युगांडा नेमका कुठे आहे, हे त्यांचं भाजीवाल्यालाही समजावून झालं होतं.

प्रवासाची सगळी सूत्रं नेहमीप्रमाणे त्यांच्याच हातात होती. त्यांच्या पत्नी चित्राताईंनी नोकरीभर शाळेत गणित शिकवलं, वर्गात त्यांचा दरारा होता. पण घराबाहेर पडल्या की त्या भाऊंच्या दोन पावलं मागे. तिकिटं, पासपोर्ट, औषधं, सगळं भाऊंच्या पिशवीत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

युगांडाला जायचं तर पीतज्वराची लस घ्यावीच लागते, आणि ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. म्हणून एका सकाळी दोघं मुंबईला गेले. केंद्रातल्या बाकावर बहुतेक करून जहाजावर नोकरीला निघालेली तरुण मंडळी होती. नंबर येईपर्यंत भाऊंनी त्यातल्या दोघांना पुलाचे फोटो दाखवले.

आतल्या डॉक्टरबाई तरुण पण धीराच्या होत्या. एकेक गोष्ट विचारत होत्या.

"आधी काही मोठं ऑपरेशन झालंय का, काका?"

"छातीतली एक गाठ काढली होती. जुनी गोष्ट. आता ठणठणीत आहे मी."

"गाठ कशाची?"

"थायमस ग्रंथीची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग ही लस मी तुम्हाला देऊ शकत नाही. हिच्यात जिवंत विषाणू असतो, कमजोर केलेला. थायमस काढलेल्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो."

"मी रोज तासभर चालतो," भाऊ म्हणाले.

"चालत राहा. पण लस नाही."

भाऊंनी माहिती काढलेली होती. "लस चालत नसेल तर सूटपत्र मिळतं ना?"

"मिळतं. त्यावर विमानतळावरचे लोक तुम्हाला सोडतील. डास सोडणार नाहीत. माझे वडील असते तर मी त्यांना जाऊ दिलं नसतं."

भाऊंनी कागदपत्रं पिशवीत परत भरायला घेतली. आता चित्रा उठेल, आपली पिशवी उचलेल आणि दोघं घरी जाऊ, असं त्यांनी मनाशी धरलं. चित्राताई उठल्या खऱ्या, पण डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांनी ब्लाऊजची बाही वर सरकवली.

"मला चालेल ना? साठीनंतर जपून देतात असं वाचलं, पण मला साठ पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. कुठलाच मोठा आजार नाही, अंड्याची ॲलर्जीही नाही."

डॉक्टरांनी त्यांना बाकीचे प्रश्न विचारले, रक्तदाब पाहिला आणि लस टोचली. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले.

परतताना ठाण्याच्या अलीकडे गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा भाऊ म्हणाले, "मला विचारलंसुद्धा नाहीस तू."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," चित्राताई म्हणाल्या. "आणि मी ऐकलं असतं. मग वल्लरीच्या पुलावर आपल्यातलं कुणीच नसतं."

दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. मग चित्राताईंना थोडी कणकण आली, अंग दुखू लागलं. लसीनंतर असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. भाऊंनी मऊ भात केला, वर तूप घातलं आणि ताट त्यांच्यापुढे ठेवून विचारलं, "मलेरियाच्या गोळ्या कधीपासून सुरू करायच्या म्हणाल्या त्या?"

"निघायच्या आधीपासून. टायफॉइडची लस तेवढी राहिलीय. ती मी इथल्या डॉक्टरांकडे जाऊन घेईन. एकटीच जाईन."

"जा," भाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर विमानतळ उभा राहू लागला. भाऊ अधिकारी व्हायचे, चष्मा नाकावर ओढून चित्राताईंचा पासपोर्ट हातात घ्यायचे आणि इंग्रजीत खडसावायचे. लसीचं पिवळं कार्ड कुठे आहे, कुठे उतरणार, किती दिवस राहणार. सुरुवातीला चित्राताई अडखळायच्या, हसायला लागायच्या. पण एकदा "कशासाठी आलात?" असं विचारल्यावर त्यांनी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून इंग्रजीत उत्तर दिलं, "माझ्या मुलीने तुमच्या देशात पूल बांधलाय. तो बघायला आले."

भाऊंनी पासपोर्ट मिटला. "पास," ते एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

निघायच्या दिवशी शेजारचे हरिहर दोघांना आपल्या गाडीने विमानतळावर घेऊन आले होते. चित्राताईंनी खांद्याला स्वतःची पिशवी लावली, भाऊंना वाकून नमस्कार करायला गेल्या, तर भाऊंनी मध्येच हात धरला. "नको. आज तू मोठी." काचेपलीकडे रांगेत त्या ताठ चालताना दिसत होत्या. एका बावरलेल्या कुटुंबाला कुठला काउंटर ते हाताने दाखवत होत्या. भाऊ त्या दिसेनाशा होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी वल्लरीचा व्हिडिओ कॉल बघायला हरिहरांच्या मोठ्या टीव्हीला भाऊंचा फोन जोडला होता आणि खोलीत बसायला जागा नव्हती. पडद्यावर हिरवे डोंगर, तांबडी माती आणि लोकांची ही गर्दी. तिथल्या पद्धतीप्रमाणे गावातली सगळ्यात वयस्कर बाई पुलावरून पहिली चालणार होती. ती आजी पुलाच्या तोंडाशी आली, थांबली, वल्लरीला काहीतरी म्हणाली, आणि तिने वळून चित्राताईंपुढे हात केला.

"बाबा, त्या म्हणतायत, बांधणारीच्या आईने सोबत चालायचं," वल्लरीचा आवाज आला.

दोघी हातात हात घालून निघाल्या. चित्राताईंनी गळ्याशी बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा कुडता घातला होता, डासांची काळजी म्हणून. खाली नदी फुगलेली होती. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

हरिहर हळूच म्हणाले, "भाऊ, तुम्ही तिथे असायला हवं होतं."

"मी कशाला?" भाऊंनी डोळे न पुसताच उत्तर दिलं. "दोघी आहेत ना. एकीने पूल बांधला आणि दुसरी एकटी एवढ्या लांब जाऊन त्यावरून चालतेय. मला इथून नीट दिसतंय."