ब्रेक माझे, मीच बदलले

लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी सासरी अजून म्हणतात, सोनल तापट आहे. असेन. पण अकरा पोरं रोज अंथुर्ण्याहून बारामतीच्या शाळेत नेणारी बाई ब्रेकच्या बाबतीत तापायची नाही, तर कशाच्या बाबतीत तापायची?

दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या व्हॅनचे पुढचे ब्रेक करकरायला लागले. गॅरेजवाल्याला दाखवले. त्यानं पॅड बदलले म्हणून सांगितलं आणि चार दिवसांत पुन्हा तीच करकर. घरी चाक काढून बघितलं तर पॅड जुनेच, नुसते पॉलिश पेपरनं घासून परत बसवलेले. जाब विचारायला गेले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." साहेब म्हणजे माझा नवरा सुयोग. त्याला जॅक कुठं लावतात तेही माहीत नाही. व्हॅन माझी, लायसन माझं, आणि समजावणार त्याला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या माणसाच्या हातात पुन्हा गाडी द्यायची नाही, हे मी तिथंच ठरवलं.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या गाड्या दारात यायच्या आणि पाना द्यायला, नट आवळायला मीच असायचे. त्यामुळे ब्रेक बदलणं मला नवं नाही. बारामतीतल्या मुजम्मिलभाईंच्या दुकानातून दोन नव्या डिस्क आणि पॅड आणले. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी थाळी. पाय दाबला की पॅड तिला दोन्हीकडून आवळतात आणि चाक थांबतं. नव्या डिस्कला गंजू नये म्हणून कारखान्यातच तेलाचा हात दिलेला असतो. तो पुसून टाकायचा, नाहीतर पॅड घसरतात. शनिवारी पडवीत बसून मी दोन्ही डिस्क क्लीनर मारून कोरड्याठाक पुसल्या. पण जुन्या डिस्कचे स्क्रू गंजून बसले होते, काही केल्या हलेनात. त्यांच्यावर गंज सोडवायचं औषध मारलं आणि नव्या डिस्क पडवीत ठेवून काम सकाळवर टाकलं. माझे सासरे आबा खाटेवर बसून सगळं बघत होते. 

रविवारी उजाडायच्या आत कामाला लागले. मागच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलली, पॅड धरणारा कॅलिपर सोडून तारेनं टांगला, जुनी डिस्क हातोड्यानं ठोकून काढली. नवी कशी चमकत होती! सगळं बसवलं, पेडल कडक होईपर्यंत पंप केलं आणि एकटीच चक्कर मारायला निघाले. पहिल्यांदा दाबलं तेव्हा ब्रेक नीट धरेना. नवे पॅड आहेत, जरा घासून बसतील, असं मनाला सांगितलं. तिथंच थांबायला हवं होतं. फाट्याच्या वळणावर जोरात दाबलं आणि गाडी थांबेचना. मागच्या चाकांनी थोडं धरलं, मी हँडब्रेक ओढला, तरी व्हॅन विजयसिंहदादांच्या डाळिंबाच्या बागेचं तारेचं कुंपण घेऊनच थांबली.

दादा बागेतच होते. त्यांची मुलगी माझ्याच व्हॅनमधून शाळेत जाते. नवे ब्रेक लागले नाहीत, मी सांगितलं.

"वैनी, ब्रेक कुणी बसवलं?"

"मीच."

"उद्यापास्न माझी पोरगी बसणार न्हाय. आन् बाकीच्यास्नीबी सांगतो. पोरांच्या जिवाशी खेळ नको."

त्यांनी सांगितलंही. मी पहिल्या गिअरमध्ये रांगत घरी पोचले, तोवर चार आयांचे फोन येऊन गेले होते. कामावरून सुयोगचा पाचवा. "गॅरेजला टाकायची ना, सोनल." मी फोन कट केला. पोरं गेली की व्हॅन गेली, आणि व्हॅन गेली की मी पुन्हा चुलीपुढं. गावात म्हणायला सगळे मोकळे, बाईनं ब्रेक बसवले आणि कुंपणात गेली.

चुकलं कुठं ते मात्र कळेना. मुजम्मिलभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, डिस्क पुसली होती ना?" पुसली होती म्हणजे काय, दोनदा पुसली होती! तरी चाक काढलं आणि डिस्कवर बोट फिरवलं. बोट बुळबुळीत. वास घेतला तर करडईचं तेल.

"डिस्कला तेल कुणी लावलं?" मी अंगणातूनच ओरडले.

"म्या," आबा म्हणाले. "तू हुतं न्हवतं ते समदं तेल पुसून काढलंस. उघडं लोखांड रातभर दवात ठिवलंस. गंज धरला आस्ता की."

आमच्या घरात विळा, कोयता, कुदळ, काहीही लोखंडाचं तेलाचा हात फिरवल्याशिवाय रात्री ठेवत नाहीत. आबांनी साठ वर्षं तेच केलं होतं. पण मला त्या क्षणी काही दिसत नव्हतं.

"आबा, ब्रेक हाय त्यो, कोयता न्हाय! पोरं असती आत तर? इच्यारायचं तरी मला! इतकी वर्षं तुमच्या घरात राबते, एवढं एक इच्यारता येत न्हाय?"

शेजारची सारजाकाकू भिंतीवरून डोकावली. आबांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त माझा आला होता. सकाळी बसवायच्या आधी एक फडकं फिरवलं असतं तर हे झालंच नसतं. वडिलांनी माझ्या कानाखाली वाजवली असती.

तेल प्यालेले पॅड टाकूनच द्यावे लागतात. मुजम्मिलभाईंनी नवे पॅड एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिले, मी फाट्यावर उभी राहून घेतले. डिस्क घासून धुतल्या, क्लीनरनं पुसल्या, लगेच बसवल्या. संध्याकाळपर्यंत मोकळ्या रस्त्यावर तीस वेळा गाडी पळवून थांबवली. तिसाव्या वेळी ती जागच्या जागी उभी राहिली.

सोमवारी सकाळी व्हॅन देवळासमोर लावली. पोरं दप्तरं घेऊन उभी, पण आईबापांनी त्यांचे हात धरलेले. कुणीच दार उघडेना. विजयसिंहदादा मोटरसायकलला टेकून उभे होते.

तेवढ्यात आबा गर्दीतून निघाले आणि गाडीपुढं पन्नास पावलांवर, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"तेल म्या लावलं हुतं," ते मोठ्यानं म्हणाले. "पोरीची चूक न्हाय. सोनल, आण गाडी जोरात. थांबती का न्हाय बघू द्या समद्यास्नी."

माझं डोकं सणकलं. "आबा, बाजूला व्हा!"

"न्हाय हुत."

मी खाली उतरले आणि सरळ दादांपुढं जाऊन उभी राहिले. 

"माझ्या ब्रेकवर शंका कुणाला हाय, दादा? तुमाला का आबांना? मग म्हाताऱ्या माणसानं रस्त्यात का उभं ऱ्हायचं? तुमी जा, तितं उभं ऱ्हावा."

दादा जागचे हलले नाहीत.

"न्हाय ना? मग आत बसा."

इतक्या लोकांपुढं नाही म्हणता येईना. ते माझ्या शेजारी बसले. मी गाडी उलटी फिरवून फाट्याकडं काढली, पन्नासवर नेली आणि त्याच वळणाच्या अलीकडं पाय दाबला. व्हॅन जागेवर थांबली. दादांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटले.

"बास, वैनी," ते म्हणाले. "कळालं."

"तुमाला कळालं. काल घरोघरी सांगितलंत ना? आता देवळासमोर उतरून हेबी सांगा. तेवढ्याच मोठ्यानं."

परत आलो तेव्हा आबा तसेच रस्त्यात उभे होते. दादा उतरले, घसा खाकरला आणि लोकांना सांगायला लागले. ते सगळं सांगून होईपर्यंत आबा जागचे हलले नाहीत. मग पोरांना वाट देऊन ते बाजूला झाले.