वास नसलेला गॅस

सकाळी नऊ चाळीसला तळघरात गॅस मोजणाऱ्या यंत्राची सुई लाल पट्टीत गेली. वास कसलाच नव्हता.

"यंत्राला वेड लागलंय," मामा म्हणाला. गॅस कंपनीत एकतीस वर्षं गळती शोधणाऱ्या मामाला सगळे 'नाकाडे' म्हणत, आणि ते त्याला आवडायचं. सोमवारी याच तळघरात दोनदा हुंगून त्याने शेरा मारला होता : वास नाही, गळती नाही.

भाची त्याच्याच हाताखाली शिकून तपासनीस झाली होती. तिने वर घरात तान्ह्या बाळाला घेऊन बसलेल्या बाईला रस्त्यापलीकडे पाठवलं, गॅस बंद करवला आणि दुसरं यंत्र लावलं. सुई तिथेच.

"मामा, गॅसला स्वतःचा वास असतो?"

"मला शिकवतेस? गंधकाचा वास आपणच मिसळतो त्यात."

"तो मातीतले जिवाणू खातात. रस्त्याखालचा जुना पाइप बहुतेक बागेपलीकडे फुटलाय. गॅस मातीतून झिरपत इथवर आला, आणि वाटेत त्यांनी वास तेवढा चाटूनपुसून खाल्ला असणार. मातीचा नमुना पाठवतेय."

"म्हणजे माझ्या नाकावर टिच्चून!"

ती हसली नाही. "सोमवारी यंत्र लावलं होतंस?"

यंत्र गाडीतच होतं. जिना उतरून कोण नेणार, म्हणून खोळसुद्धा काढली नव्हती. मामाने खिशातली वही उघडली. याच जुन्या पाइपवरची आणखी अकरा घरं त्याने या महिन्यात नुसत्या नाकाने पास केली होती.

"लिही," तो म्हणाला. "यंत्र लावलं नव्हतं. माझं नाव घाल."

"निवृत्तीला दीड महिना राहिलाय, मामा."

"घरं अकरा आहेत. आधी गाडी काढ."

दुपारी चारपर्यंत दहा घरं झाली. नऊ ठिकाणी काही नाही; एका ठिकाणी सुई हलली, तिथली माणसं बाहेर काढली. अकरावं घर आतून बंद होतं. शेजारीण म्हणाली, आजोबा एकटेच राहतात, ऐकू कमी येतं, दुपारी झोपतात, उठले की चहा ठेवतात.

उंबऱ्यापाशी धरलेली सुई लाल पट्टीच्या अलीकडे थरथरत होती. दारावर बेल होती. ठिणगीच्या भीतीने मामाने तिला हात लावला नाही. तो मुठीने दार ठोकत होता.

चार दहाला भाचीने बोलावलेली अग्निशमन दलाची गाडी निघाल्याचा निरोप आला. दार अजून उघडलेलं नव्हतं.