ओळख पटेपर्यंत

"मामांना द्या फोन."

"मामाच बोलतोय," पलीकडून घोगरा, फाटका आवाज आला.

"मामांचा आवाज मी ओळखते."

"मीपण ओळखायचो, परवापर्यंत. घसा बसलाय."

ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं. बियाण्यांचं शीतगृह त्यांच्या टेबलापासून दिवसभराच्या वाटेवर होतं. तिथला संगणक त्या इथूनच चालवत. मामा तिथले रखवालदार. फोनवरची ओळख वर्षानुवर्षांची, भेट एकदाही नाही. सकाळी तो संगणक बंद पडला आणि दुरुस्तीवाल्याने नवा बसवला. आता त्यात शिरून सूचना दिल्याशिवाय थंडावा सुरू होणार नव्हता, आणि तापमान चढत होतं. आत असे वाण होते, जे कुठल्याच शेतात आता उरले नव्हते. स्क्रीन मात्र विचारत होती : या यंत्राचा ठसा ओळखीचा नाही. पुढे जायचं?

"'हो' दाबा की," साहेब मागून म्हणाले. "सगळे दाबतात."

"आणि मध्येच कोणी तोतया बसला असेल तर? पासवर्ड आयताच त्याच्या हाती."

उपाय एकच. यंत्रापाशी असलेल्या माणसाने तिथला ठसा, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ, वाचून दाखवायची आणि ती इथल्या ओळीशी ताडून बघायची.

"वाचा मामा."

"नाही वाचणार. फोनवर कुणाला काही सांगायचं नाही, अशी ताईंची ताकीद आहे."

"अहो, मीच ताई!"

"असं कोणीही म्हणेल."

साहेब खो खो हसले. ताईंनी कपाळाला हात लावला. गुरूची विद्या गुरूलाच फळली होती.

"विचारा मग काहीतरी."

"माझी कुठली दाढ दुखते?"

"डावीकडची, खालची. आणि वर्षभर सांगतेय, काढून टाका एकदाची."

"ताईच!" घोगरा आवाज खुलला. "आमच्या हिला अजून उजवी वाटते."

"आता माझी पाळी. फोन ठेवताना मी काय म्हणते?"

"'बरं' म्हणता आणि ठेवता," मामा सहज म्हणाले. "मी पुढचं बोलतच असतो."



"वाचा," ताई हळूच म्हणाल्या.

"सात. बी, बदकातला. डी, डब्यातला. पुन्हा सात..."

ताईंचं बोट ओळीवरून सरकत गेलं. शेवटचं अक्षर जुळलं. त्यांनी 'हो' दाबलं, पासवर्ड दिला, सूचना धाडल्या. तापमानाचा आकडा जागीच घुटमळला आणि मग एक पायरी उतरला. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"सुरू झालं बघा!" मामा ओरडायला गेले आणि आवाज चिरकला.

"बरं," ताई म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. "बोला मामा."

इतकी वर्षं ठेवलेल्या फोनशी बोलणाऱ्या माणसाला, कोणी ऐकतंय म्हटल्यावर, शब्दच सापडेना. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग मामांनी घसा खाकरला. ताईंनी खुर्ची जवळ ओढली.