अकरा देशांचा पाहुणचार

पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडे आधी घर आवरतात आणि मग घरातली दुखणी. यात चूक कुणाची काढायची, हे दीपमालाला आजही सांगता येत नाही. स्वतःची मात्र ती रोज काढते.

दीपमाला मूळची परभणीकडची. नर्सिंग करून पुण्यात आली, वाघोलीत भाड्याची खोली घेतली आणि सहा वर्षं एकाच संस्थेत चिकटून राहिली. संस्थेचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. ज्यांची फुप्फुसं कामातून गेलीत, त्यांच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र द्यायचं आणि आठवड्यातून एकदा जाऊन त्यांना तपासायचं. वाघोलीपासून लोणी काळभोरपर्यंत अशी चौतीस यंत्रं चौतीस घरांत घरघरत होती. दवाखान्यात खाट मिळते हो, पण जन्मभर कोण ठेवून घेणार?

हा सगळा गाडा चालायचा तो साता समुद्रांपलीकडच्या अकरा देशांच्या संघाच्या निधीवर. हे अकराजण दर पाच वर्षांनी एकत्र बसून ठरवायचे की जगात कुणाच्या आरोग्याला हात द्यायचा आणि कुणाचा हात सोडायचा. त्यांचा दंडक साधा होता. जिथलं काम आपल्या पायावर उभं राहिलं, तिथला निधी काढून जिथे हाल आहेत तिथे वळवायचा. ऐकायला काय वाईट आहे? कुणीही मान डोलवेल. फक्त पायावर कोण उभं आहे हे ठरवायला ते स्वतः बघायला यायचे, आणि सगळी गोम तिथेच होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिघं पाहुणे येणार असं ठरलं. मार्टा नावाची बाई त्यांची मुख्य. दीपमालाचं इंग्रजी बरं आणि पेशंट तिच्या ओळखीचे, म्हणून दुभाषाचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

“घर कुठलं दाखवायचं?” संस्थेचे संचालक इंद्रजीत सर चष्मा पुसत म्हणाले. “स्वच्छ असावं. रडगाणी त्यांना सगळीकडे ऐकायला मिळतात, त्यासाठी पुण्यापर्यंत यायला नको.”

“सर, पण फारच चांगलं दिसलं तर?”

“फार चांगलं दिसलं म्हणून कुणी शिक्षा करतं का? पहिला नंबर आला म्हणून शाळेतून काढलेलं पोरगं पाहिलंय तुम्ही?”

दीपमालानं लोणी काळभोरच्या सुंदराबाईंचं नाव सुचवलं. तिनंच सुचवलं, दुसऱ्या कुणी नाही. सुंदराबाई तिचा जीव की प्राण होत्या. दोनदा क्षय होऊन गेलेला, त्याआधी चाळीस वर्षं चुलीचा धूर, आणि आता दिवसाचे पंधरा तास नाकात नळी. नवरा गेनबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सुखदेव टेम्पो चालवायचा, सून मैना घर बघायची. पण बाईचा तोरा असा की तपासायला गेलेली दीपमाला चहाशिवाय कधी परतली नाही. “रिकाम्या तोंडानं जाशील तर म्होरल्या येळी दार उघडायची न्हाय,” असं त्या दटावायच्या.

आदल्या दिवशी दीपमालानं फोन करून बजावलं होतं, “मावशी, नेहमीसारखंच असू द्या. नळी नाकात असू द्या.”

“व्हय ग व्हय,” सुंदराबाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात थांबली तर अंगणात रांगोळी, उंबऱ्याला फुलं, आणि दारात सुंदराबाई उभ्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकवाच्या जागी बुक्का आणि नाक मोकळं. घरात पुरणाचा वास सुटला होता.

“मावशी, यंत्र कुठंय?” दीपमाला कानाशी लागली.

“आत हाय, चादर टाकलीय त्याच्यावर. पाहुण्याम्होरं नाकात नळ्या खुपसून बसू व्हय? त्यास्नी वाटंल, दुखणाईत बाईच्या हातचं खातोय. घास उतरंल का?”

आणि दीपमालाला हसू आलं. हो, ती हसली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही, असंच काहीतरी तिच्या मनात आलं. बाई बसून राहिली तर अर्धा-पाऊण तास नळीशिवाय निभावते, हे तिला ठाऊक होतं. होऊन जाऊ दे, म्हणाली.

पाहुण्यांनी पुरणपोळ्या खाल्ल्या. मार्टानं तर दोन खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. मग वही उघडून तिनं विचारलं, यांना श्वासाचा त्रास किती होतो?

“कसला त्रास?” सुंदराबाई म्हणाल्या. “समदं झ्याक हाय. ह्या पोरीनं लय केलं आमचं.”

दीपमालानं शब्दाला शब्द सांगितला. मार्टाचा चेहरा खुलला. तिनं पुढचा प्रश्न सावकाश, जपून विचारला. समजा, उद्या आमचा निधी थांबला, तर यांचं काय होईल?

सुंदराबाईंनी क्षणभर दम घेतला. पदरानं ओठ टिपले आणि हसून म्हणाल्या, “काय व्हायचंय? तुमी आजवर लय केलं. आता आमचं आमी बघू. तुमी काय बी काळजी करू नगा.”

हे उत्तर नव्हतंच. निघालेल्या पाहुण्याला द्यायचा तो निरोप होता. आपल्याकडे पाहुण्याच्या पाठीवर आपलं ओझं ठेवून कुणी त्याला वाटेला लावतं का? घरात पीठ नसलं तरी म्हणायचं, काही कमी नाही, सावकाश जा. हे परभणीत तसंच आणि लोणीतही तसंच. दीपमालाला ते आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. पण ते इंग्रजीत कसं सांगायचं? आणि खरं सांगायचं तर तिनं प्रयत्नही केला नाही. इंद्रजीत सर समाधानानं मान हलवत होते, मार्टाचे डोळे पाणावले होते. दीपमालानं तेवढेच शब्द सांगितले, जसेच्या तसे. मार्टानं ते पुन्हा म्हणायला लावले आणि वहीत उतरवून घेतले.

एक वाक्य पुरलं असतं. ‘बाई, आत चादरीखाली यंत्र आहे, ते काढलं तर या महिनाभरसुद्धा काढणार नाहीत.’ एवढं एक वाक्य.

पाहुणे निघाले. सुंदराबाई फाटकापर्यंत आल्या. पाहुण्याची गाडी नजरेआड झाल्याखेरीज त्यांच्या घरात कुणी पाठ फिरवत नाही, अशी रीत. नेमकी गल्लीच्या तोंडाशी उसाची ट्रॉली आडवी आली आणि गाडी दहा मिनिटं जागच्या जागी. बाई उभ्याच. एक हात फाटकाला धरलेला, दुसऱ्यानं टाटा. मार्टा काचेतून फोटो काढत होती.

गाडी वळली आणि सुंदराबाई मटकन खाली बसल्या. मागं थांबलेल्या दीपमालानं आणि सुखदेवनं त्यांना उचलून आत नेलं, नळी लावली. नखं जांभळी पडली होती. बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला अडुसष्ट; नव्वदच्या खाली गेला तरी धोका.

“ती बाई जेवली ना ग नीट?” तोंडाला फेस आलेला असताना बाईंनी विचारलं.

मार्चमध्ये अकरा देशांची बैठक झाली. ती कंप्युटरवर बघता येत होती. ऑफिसात दुपारी चहा घेत दीपमाला आणि इंद्रजीत सर बघत बसले. पडद्यावर लांबलचक गोल टेबल, प्रत्येक देशाची पाटी, पाण्याच्या बाटल्या. कुठे मलेरिया, कुठे बाळंतपणं, कुठे नुसतं पिण्याचं पाणी. एका देशाचा माणूस म्हणत होता, हात आखडू नका. दुसरा म्हणत होता, आमचेच दवाखाने ओस पडलेत, आधी घरचं बघा. खोटं कुणीच बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत.

मग एक गृहस्थ उठले आणि त्यांनी पडद्यावर फोटो लावला. हिरवं लुगडं, फाटक, हसणारी म्हातारी.

“भारतातल्या एका गावात या बाईंनी आमच्या सहकाऱ्यांना काय सांगितलं, ऐका,” ते म्हणाले. “‘आता आमचं आम्ही बघू.’ आपल्या धोरणाचं यश याहून वेगळं काय असतं? हे काम उभं राहिलं. आता इथला निधी गरजूंकडे वळवू या.”

टाळ्या पडल्या. मार्टानंही वाजवल्या, अगदी मनापासून. अकरापैकी नऊ हात वर गेले.

इंद्रजीत सरांनी कप खाली ठेवला. चष्मा काढून पुसत म्हणाले, “काढलं की हो शाळेतून.”

दीपमालानं त्याच दिवशी मार्टाला लांबलचक पत्र लिहिलं. चादर लिहिली, अडुसष्टचा आकडा लिहिला, पाहुण्याला काय म्हणतात आणि त्याचा अर्थ काय, तेही लिहिलं. ‘भाषांतर बरोबर होतं, पण मी तुम्हाला खोटं सांगितलं,’ असं लिहिलं. उत्तर चार दिवसांनी आलं. मार्टानं लिहिलं होतं, मला फार वाईट वाटतंय, मी रडले. पण अकरा देशांचा ठराव झाला की पाच वर्षं तो उघडत नाही. दुरुस्त्या पाठवायची मुदत फेब्रुवारीत संपली. पत्राखाली तिनं पुरणपोळीची आठवण काढली होती. दीपमालाला त्या ओळीचाच संताप आला.

एप्रिलच्या शेवटी नियमाप्रमाणे यंत्रं परत घ्यायची होती. संघाच्या पैशानं घेतलेली वस्तू संघानं ठरवलेल्या दुसऱ्या देशात जाणार. प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येकाची यादी. सुखदेवनं एका ट्रस्टकडे भाड्याच्या यंत्रासाठी नाव घातलं होतं. त्याच्या आधी अकरा नावं होती.

दीपमालानं लोणीचं घर शेवटी ठेवलं. संस्थेचा ड्रायव्हर संपत गाडी चालवत होता. मागं तेहेतीस यंत्रं दोरीनं बांधलेली.

सुंदराबाई कॉटवर टेकून बसल्या होत्या. नाकात नळी. या वेळी लपवायचं कारण नव्हतं.

“मावशी,” दीपमाला कॉटच्या कडेला बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “ऐका माझं. मी लिहिते, यंत्र जळालं. विजेच्या दाबानं जळतात अशी. ते राहू दे इथंच. मी माझ्यावर घेते.”

सुखदेवनं मान वर केली. दाराशी मैना हात जोडून उभी राहिली. मिनिटभर घरात यंत्राचीच घरघर.

“काय बोलतीस हे?” सुंदराबाई म्हणाल्या. दोन शब्दांमध्ये त्यांना दम घ्यावा लागत होता. “दुसऱ्याची वस्तू... दडवून ठिवू? त्या बाईनं माझ्या घरात... बसून खाल्लंय. उद्या तिला काय तोंड दावू?”

“त्या बाई पुन्हा येणार नाहीत हो मावशी!” दीपमाला रडायलाच लागली. “त्यांना काही कळणार नाही!”

“मला कळंल की.” मग त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “आन् तिकडं बी कुणीतरी असंल... नळीची वाट बघत. ने तू. आमचं आमी बघू.”

सुखदेव भिंतीकडे तोंड करून उभा होता.

सुंदराबाईंनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. घरघर थांबली तेव्हा शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यायला लागला. पदरानं त्यांनी यंत्र पुसलं, नळीची गुंडाळी केली आणि मैनाला म्हणाल्या, “हिची वटी भर. रिकामी जाऊ देऊ नगंस.” दीपमाला नको नको म्हणत राहिली, पण तांदूळ, नारळ आणि खण पदरात आलाच. नको म्हणायचं धैर्य तरी कुठून आणायचं? तीही त्याच रीतीत वाढलेली.

संपतनं यंत्र चढवलं, दोरी आवळली. दीपमाला पुढे बसली, ओटी मांडीवर घट्ट धरून. तिनं आरशात पाहिलं तर सुंदराबाई फाटकात आलेल्या. सुखदेव दंड धरून आत ओढत होता आणि त्या त्याचा हात झटकत होत्या. एक हात फाटकाच्या गजाला, दुसरा वर उचललेला.

संपत रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होता. समोरून मोटारसायकली येत होत्या.

“संपत, काढ बाबा गाडी, लवकर काढ,” दीपमाला म्हणाली. “आपण वळल्याशिवाय त्या आत जाऊन बसायच्या नाहीत.”