चतुराबाईच्या चपला आणि मी

मित्रांनो, शेलूबाजारच्या एका घरात दारामागे जी धावड्याची जुनी काठी उभी असते, ती मी. गेल्या जानेवारीत मी समुद्र पाहिला. त्याआधी मी पाण्याची विहीर आणि पाझर तलाव यापलीकडे काही पाहिले नव्हते.

माझा जन्म किन्हीराजाजवळच्या टेकडीवर झाला. ग्यानबा सुताराने मला झाडापासून तोडले, साल सोलली, विस्तवाच्या धगीवर धरून माझा वाकडेपणा काढला आणि जवसाचे तेल पाजून उन्हात ठेवले. "हे मोडनार नाई. धरनारा मोडीन एखांद्या वक्ती," असे म्हणून त्याने मला जगदेवरावांच्या हातात दिले.

जगदेवरावांच्या हातात मी एकवीस वर्षे होते. हरभऱ्यात शिरलेले रोही, म्हणजे नीलगाई, मी हाकलले. गवतातला साप त्यांच्या पायाआधी मला दिसला. गावातले लोक मला हातात घेऊन तोलून पाहायचे आणि अशीच एक करून दे म्हणून ग्यानबाच्या मागे लागायचे. मग शेताला तारेचे कुंपण झाले आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडले. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. तीन वर्षे मला कोणी हात लावला नाही.

एका सकाळी जगदेवरावांच्या पत्नी चतुराबाई ओल्या ओट्यावरून घसरल्या. गुडघा बरा झाला, पण पहिल्यासारखा झाला नाही. जगदेवरावांनी मला शोधून काढले. चतुराबाईंना माझ्या शेजारी उभे केले, त्यांच्या कमरेपाशी खडूने खूण केली आणि करवतीने मला वीतभर कापले. दुखले, खोटे कशाला बोलू. पण कारंज्याहून आणलेला रबरी बूट माझ्या टोकाला बसवून त्यांनी मला चतुराबाईंच्या हातात दिले आणि म्हणाले, "हरीओमची माय, आता हे तुही." तेव्हा ते दुखणे कुठल्या कुठे गेले.

चतुराबाईंचा मुलगा हरीओम याचे शेलूबाजारला कृषी केंद्र आहे. बियाण्यांच्या एका कंपनीने चांगला माल विकणाऱ्या दुकानदारांना भल्यामोठ्या जहाजावर तीन दिवसांची सहल दिली. चार माणसांची सोय होती. हरीओम, त्याची बायको वैजयंती, तेरा वर्षांची मुलगी निता, आणि एक जागा उरली.

"मी नाई येत," जगदेवराव म्हणाले. "तूर सोंगाले आली. म्हशीले कोन पाहीन?"

जगदेवराव कापणीसाठी मागे राहिले, म्हणून चतुराबाई निघाल्या. आणि त्यांच्यासोबत मी.

मुंबईच्या बंदरावर जहाज पहिल्यांदा समोर आले तेव्हा चतुराबाईंनी मान वर केली, आणखी वर केली, आणि डोक्यावरचा पदर खाली पडला. चौदा मजले. आमच्या वाशीमच्या बाजारपेठेतली सगळी घरे एकावर एक रचली तरी एवढी उंची होणार नाही. "हे पान्यावर तरंगते?" त्यांनी विचारले. सगळे फोटो काढण्यात गुंतले होते. तपासणीच्या जागी मला चालत्या पट्ट्यावर निजवून एका अंधाऱ्या पेटीतून नेले. मी बाहेर येईपर्यंत चतुराबाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या.

आत गेल्यावर तर डोळेच दिपले. काचेच्या लिफ्ट, नाटकगृह, दुकाने, गच्चीवर पोहण्याचे हौद आणि घसरगुंड्या. लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना सारखीच दारे. आजीला आपली खोली ओळखता यावी म्हणून निताने दाराच्या मुठीला आपली लाल रिबीन बांधली.

पहिल्या संध्याकाळच्या जेवणाला चतुराबाईंनी जे पाहिले ते त्यांना सोसले नाही. लोक ताटे भरून घेत होते, दोन घास खात होते आणि उठत होते. एक नोकर ती भरलेली ताटे मोठ्या डब्यात खरडत होता. चतुराबाई बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटातले दोन पाव उचलले आणि पदराच्या टोकात बांधले.

"माय, ठेव ते," हरीओम दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं पाहून राह्यले."

त्यांनी गाठ सोडली, पाव परत ठेवले. नंतर त्या काही जेवल्या नाहीत. माझ्या मुठीवरचा त्यांचा हात गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे घसरगुंडीवर निघाले. अकराव्या मजल्यावर, उघड्या डेकवर, हरीओमने आईला एका खुर्चीत बसवले.

"तू इथीच बस, माय. आमच्या मांगं नको येऊ, तुयानं होत नाई. तासाभरात येतो आमी."

"बरं," चतुराबाई म्हणाल्या.

तास गेला. दुसरा गेला. सावली सरकली आणि ऊन त्यांच्या मांडीवर आले. जमीन देवळासारखी स्वच्छ म्हणून त्यांनी चपला काढून खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या होत्या. तशाच अनवाणी, माझा आधार घेत, त्या कठड्यापाशी गेल्या. खाली निळे पाणी मागे पळत होते. आसपास कोणी नव्हते. फक्त एक मुलगी काचा पुसत होती. जहाजावर कामाला असलेली, कुठल्यातरी दूर देशातली, निताची मोठी बहीण वाटावी अशी. पुसता पुसता तिचा हात थांबला. ती काचेला टेकली आणि हळूहळू खाली बसली. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

चतुराबाईंनी मला कठड्याला टेकवले. एका हाताने माणूस उचलता येत नाही, मित्रांनो. त्यांनी दोन्ही हातांनी त्या मुलीला उठवले, तिच्या कमरेला मिठी घातली. मुलीने बोटाने एक पांढरे दार दाखवले. ते नोकरांचे दार होते, माझ्यापासून पंधरा पावलांवर. लंगडणारी म्हातारी आणि झोकांड्या खाणारी पोरगी एकमेकींना सावरत त्या दारातून आत गेल्या. दार आपोआप बंद झाले.

मी एकटी राहिले. वारा आला, जहाज जरासे कलले, मी घसरले आणि कठड्याच्या खालच्या फटीत आडवी पडले. माझे अर्धे अंग बाहेर, समुद्रावर होते.

थोड्या वेळाने हरीओम आला. केस ओले, खांद्यावर टॉवेल. आधी त्याने रिकामी खुर्ची पाहिली. मग खुर्चीखाली जोडून ठेवलेल्या चपला पाहिल्या. मग मी दिसले.

तुम्ही शहरात राहत असाल तर हे तुम्हाला कदाचित समजणार नाही. आमच्याकडे विहिरीच्या काठावर नीट काढून ठेवलेल्या चपला दिसल्या की माणसे विचारत नाहीत. दोर आणायला धावतात. हरीओम त्याच गावात वाढला होता. तो माझ्यापर्यंत आला, खाली पाण्याकडे पाहिले, आणि तो तिथेच खाली बसला.

"आई संडासले गेल्या असतीन," वैजयंती म्हणाली. ती धावत जाऊन पाहून आली. निता खोलीपर्यंत जाऊन आली. लाल रिबीन तशीच होती, आत कोणी नव्हते.

मग वैजयंतीने दिसेल त्या नोकराला सांगितले आणि जहाजाचा भोंगा वाजला. एवढे प्रचंड धूड, पण ते मंदावताना मला माझ्या गाभ्यापर्यंत जाणवले. जहाज वळू लागले. चौदाही मजल्यांवर कोणीतरी इंग्रजीतून बोलू लागले आणि त्यात "चाटूरा, चाटूरा" असे काहीतरी ऐकू आले. पोहणारे लोक हौदातून बाहेर आले. कठड्याला गर्दी झाली. कोणी समुद्राकडे बोट दाखवत होते, कोणी फोन धरून उभे होते. आणि मी, जिला सगळे ठाऊक होते, तिथे पडून होते. पंधरा पावलांवर ते दार होते. मला तोंड असते तर एक शब्द पुरे होता.

पांढऱ्या पोशाखातल्या एका अधिकाऱ्याने हातमोजे घालून मला उचलले, लांब प्लास्टिकच्या पिशवीत घातले, दुसऱ्या पिशवीत चपला घातल्या आणि सगळ्यांना एका लहान खोलीत नेले. कॅमेऱ्यांची तपासणी सुरू झाली आहे, म्हणाला. तोवर काही माहिती हवी. तो सावकाश हिंदीत विचारत होता.

आईंनी आज काय नेसले होते?

"हिरवं पातळ," वैजयंती म्हणाली.

"नाई, निळं असंल," हरीओम म्हणाला.

निताने दोघांकडे पाहिले. तिलाही आठवत नव्हते. मला माहीत होते. तांबूस, विटक्या काठाचे पातळ, त्यांच्या भावाने दिवाळीला दिलेले. मी पिशवीत गप्प होते.

वय? हरीओमने अडुसष्ट सांगितले, मग सत्तर म्हणाला. कुठले औषध चालू आहे? "गुडघ्याचं," तो म्हणाला. गोळीचे नाव येईना. अंगावर काही खूण?

"आजीच्या हातावर विंचू गोंदला हाय," निता म्हणाली. "डाव्या." तेवढी एक गोष्ट त्या कागदावर खरी लिहिली गेली.

आजचा किंवा कालचा एखादा फोटो? अधिकाऱ्याने विचारले. हे सोपे होते. हरीओमने फोन काढला. कालपासून दोनशेच्या वर फोटो काढले होते. तो बोट सरकवत गेला. ताटे, हौद, लिफ्ट, झुंबर, निता घसरगुंडीवर, वैजयंती टोपी घालून, तो स्वतः. बोट सरकत राहिले आणि त्याचा चेहरा उतरत गेला. एका फोटोच्या कडेला एक कोपर दिसले, आणि खाली माझा रबरी बूट. बाकी कुठेच चतुराबाई नव्हत्या.

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काल मी तिले बोललो," तो वैजयंतीला म्हणाला. "दोन पाव घेतले होते तिनं. आन आज म्हनलं, तुयानं होत नाई. हे म्हनलं मी तिले."

वैजयंती हुंदके देत होती.

अधिकाऱ्याने आपला फोन पुढे केला. घरी कोणाला कळवायचे आहे का? हरीओमने नंबर लावला. शेलूबाजारला घंटी वाजली. जगदेवरावांचा आवाज त्या खोलीत मोठ्याने आला, मागे म्हैस हंबरत होती.

"बोल रे."

"बाबा... जेवले का तुमी?"

"जेवलो. तुमी जेवले का? तिले दे जरा फोन."

"थे... झोपली हाय."

"झोपू दे मंग. गुडघ्याले तेल लावाले सांगजो. इसरते ते."

फोन बंद झाला. हरीओमने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मी एकवीस वर्षे त्या घरातल्या माणसांसोबत शेतात राबले आहे, गारपिटीत उभे पीक आडवे झालेले पाहिले आहे. पण असा कोसळलेला माणूस मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. अधिकारी ऐकत राहिला. मग हळूच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, कॅमेऱ्यात त्या नोकरांच्या दारातून आत जाताना दिसल्या आहेत. खाली, तिसऱ्या मजल्यावर आहेत. आणत आहेत.

पाच मिनिटांनी दार उघडले. चतुराबाई अनवाणी आत आल्या. पातळाचा पदर ओला होता. त्यांनी सगळ्यांकडे पाहिले आणि मग टेबलाकडे.

"हिले काहून बांधून ठेवलं?" त्या म्हणाल्या. "वर येता येता पाह्यलं त जाग्यावर नाई. कोनं उचलली माही काठी?"

हरीओम उठला नाही. तो खुर्चीवरून खाली बसला आणि त्याने आईचे दोन्ही पाय धरले. चतुराबाई घाबरल्या.

"काय झालं रे? तुया बाबाले काय झालं का?"

"आजी," निता म्हणाली, "आमाले वाटलं तू पान्यात गेली."

चतुराबाईंना आधी ते उमगेना. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि टेकल्या.

"पान्यात कायले जाईन बाई? घरी तूर सोंगाची हाय." त्यांचा हात हरीओमच्या ओल्या केसांवर गेला. "पोरगी चक्कर येऊन पडली होती. सकाळपासून पोटात काई नाई तिच्या. खाली नेलं त एवढीशी खोली, खिडकी नाई, चार जनी राह्यतात. साखर-मिठाचं पानी पाजलं, तळपाय चोळले. झोप लागेवर्‍हे बसली तिच्यापाशी. वरून कोनीतरी बोंबलून राह्यलं होतं, मले वाटलं जेवाले बलावते."

संध्याकाळी जहाज पुन्हा वाटेला लागले. त्या मोठ्या जहाजावर सगळे काही उघडे होते, नाटक, हौद, दुकाने. हरीओमने विचारले, "माय, तुले काय पाहाचं हाय?" असा प्रश्न त्यांना त्या सहलीत पहिल्यांदाच विचारला गेला. चतुराबाईंनी थोडा विचार केला.

"काई नाई. पाय दुखून राह्यले. बसू दे."

मग तो त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. दिवस मावळेपर्यंत बसला. मला दोघांच्या मध्ये ठेवले होते. चतुराबाई बोलत होत्या, त्या मुलीबद्दल, तिच्या खोलीत भिंतीला चिकटवलेल्या एका बाईच्या फोटोबद्दल, ती तिची आई असावी याबद्दल. हरीओम ऐकत होता. अधूनमधून तो नुसताच आईकडे बघायचा, जणू पाठ करून ठेवतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या काठ्या तुमच्याही घरी कोणाच्या तरी हातात असतील. आम्हाला पावसात टाकू नका, बूट झिजला तर बदला, एवढेच आमचे मागणे. पण ज्या हातात आम्ही असतो तो माणूस आम्ही तुमच्यासाठी सांभाळून ठेवू, असे समजू नका. मी आधार देऊ शकते. साक्ष देऊ शकत नाही. आज घरी गेल्यावर त्या माणसाजवळ जरा बसा आणि तो काय सांगतो ते ऐका.