चिखलात रुतलेले राष्ट्राध्यक्ष

“हे तुम्हाला कुणालाच खरं वाटणार नाही,” अशी सुरुवात करून ऑरिन ती गोष्ट सांगायचा आणि सगळ्यांना ती खरी वाटायची. निवडणुकीच्या दौऱ्यात राष्ट्राध्यक्षांची गाडी त्याच्या बापाच्या शेताजवळ चिखलात रुतली. चाकं नुसती गरगरत राहिली. मग एकोणीस वर्षांच्या ऑरिननं ट्रॅक्टर जोडून ती अशी काही ओढली, की गाडीमागून अर्धा रस्ताही उखडून आला!

ही थाप त्यानं पहिल्यांदा मारली ती चर्चच्या जेवणावळीत, ल्यूएला शेजारी येऊन बसावी म्हणून. ल्यूएलाच्या घरी भिंतीवर येशू आणि त्याच्याखाली हे राष्ट्राध्यक्ष. ती शेजारी येऊन बसली आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्नही करून बसली. आता थाप मागे घेणार कशी?

राष्ट्राध्यक्षांची कबर आणि त्यांच्या आठवणी जपणारं ग्रंथालय बसनं दोन तासांवर. त्यांच्या वाढदिवसाला चर्चची म्हातारी मंडळी दरवर्षी तिकडे जायची आणि नेमकी त्याच सकाळी ऑरिनची पाठ धरायची. राष्ट्राध्यक्षांच्या आयुष्यातला एकूण एक दिवस म्हणे तिथे नोंदवून ठेवलेला. यंदा मात्र ल्यूएलानं मलमाची डबी पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, “पाठ बसमध्येही दुखू शकते. चल.”

बस सुटते न सुटते तोच मागच्या बाकावरून कर्टिसनं खोडी काढली. “ऑरिन, तुझा पुतळा कुठे उभारलाय ते आज तिथल्या बाईंना विचारतोच बघ!”

“विचार की,” ऑरिन म्हणाला आणि खिडकीकडे वळला. लोक हसले असते तरी त्याला चाललं असतं. पण इतकी वर्षं त्या एका गोष्टीवर विसंबलेली ल्यूएला त्याच्याकडे कशी बघेल, ते त्याला बघवणार नव्हतं.

कबरीवर सध्याच्या राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेलं फुलांचं चक्र ठेवलं गेलं, सैनिकानं सलाम ठोकला, सगळ्यांनी माना खाली घातल्या. ऑरिननंही टोपी काढली आणि दगडाकडे बघत पुटपुटला, “साहेब, आजचा दिवस सांभाळून घ्या. तुम्हीही राजकारणातले, थोडंफार वाढवून बोलला असालच.”

ग्रंथालयात माहिती सांगायला शेल्बी नावाची हसतमुख पोरगी होती. कर्टिसनं तिला लगेच गाठलं. “या गृहस्थांनी म्हणे राष्ट्राध्यक्षांची गाडी चिखलातून ओढली होती. आहे का तसं काही इथे?”

ऑरिन दाराकडे सरकला.

“अय्या! ते तुम्हीच का, आजोबा?” म्हणत शेल्बीनं भिंतीवरचं बटण दाबलं. राष्ट्राध्यक्षांचा घोगरा आवाज दालनभर घुमला. गाडी रुतली, कुठूनसा एक शेतकऱ्याचा पोरगा हिरवा ट्रॅक्टर घेऊन आला, गाडी ओढली आणि नावही न सांगता निघून गेला!

टाळ्यांचा कडकडाट झाला. कर्टिसनं टोपी काढली. कुणा दुसऱ्या पोरानं गाडी ओढली असेल, नाहीतर साहेबांनीही ठोकून दिली असेल, ऑरिनला त्याचं काय? छातीवरचा दगड उतरला, जीव भांड्यात पडला आणि जीभ एकदम मोकळी सुटली.

“हिरवाच होता!” तो म्हणाला. “आमच्या बापाचा लाडका! रोज सकाळी आधी तो हिरवा ट्रॅक्टर पुसायचा आणि मग कॉफी प्यायचा!”

बसनं आलेल्या शेतकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं; हिरव्या कंपनीचा ट्रॅक्टर की लाल कंपनीचा, यावरून त्यांच्याकडे घराघरांत वैर चालायचं. ल्यूएलाला मात्र असं हसू फुटलं की दारातला पहारेकरी वळून बघायला लागला.

“बस कर, ऑरिन! तुझा बाप आणि हिरवा ट्रॅक्टर? त्याच्या आवारात जन्मभर लाल सोडून दुसरा रंग उभा राहिला नाही. तुझ्या आजीच्या मयतीला शेजारी हिरवा ट्रॅक्टर घेऊन आला, तर तो त्यानं फाटकाबाहेर लावायला लावला! आणि दौरा आपल्या गावाकडून गेला तेव्हा तू गालगुंडानं तोंड सुजवून अंथरुणात पडला होतास. तुझ्या आईनं लग्नाआधीच सांगितलंय मला. तरी केलंच ना तुझ्याशी लग्न, थापाड्या?”