साडूची स्नोमोबिल

हेमचंद्रने ड्रिलचं टोक स्नोमोबिलच्या पोटाला मागच्या बाजूला टेकवलं, क्षणभर तसंच धरलं, आणि मग हात सरकवून ते पुढे नाकाखाली आणलं.

"इथे," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तिथे," टॉर्च धरून वाकलेला गिरीश म्हणाला. "या डिपार्टमेंटमध्ये तुम्हीच बॉस, हेमचंद्रराव."

ड्रिल घरघरलं. पिवळ्या प्लास्टिकचा भुसा हेमचंद्रच्या चष्म्यावर पडला. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या गिरीशच्या थंडगार गराजमध्ये पाठीखाली पुठ्ठा घालून तो उताणा पडला होता, आणि कपाळावर घाम होता.

गिरीशची तक्रार साधी होती. बर्फावरच्या मोटरसायकलसारखं हे मशिन पळताना बर्फाचा भुगा आत शिरायचा, इंजिनच्या उष्णतेने वितळायचा, आणि ते पाणी पोटातल्या परातीसारख्या भागात साचून राहायचं. रात्री त्याचा बर्फ व्हायचा. मशिन जड व्हायचं, आणि पाणी उडून आतला रबरी पट्टा भिजला की इंजिन नुसतंच ओरडायचं, जागचं हलायचं नाही.

उपायही साधाच होता. पाण्याला वाट द्यायची ती मागून, सगळ्यांत खालून. पुढून भोक पाडलं तर पाणी बाहेर जाणं दूरच, पुढच्या स्कींनी उडवलेला बर्फच आत येतो. हे हेमचंद्रला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मोटारींच्या दारांत साचणारं पाणी बाहेर काढायचं, हीच तर त्याची डेट्रॉइटमधली नोकरी. जेवताना बायकोला तो दुसरं काही सांगायचाच नाही.

आणि तरी त्याने पुढे भोक पाडलं. एक नाही, दोन.

साडू हे नातंच मुळात वजनकाट्याचं. एका पारड्यात तुम्ही बसायचं, दुसऱ्यात तो, आणि काटा सासरच्या हातात. पण हेमचंद्रच्या पोटात दुखत होतं ते गिरीशच्या मोठ्या घरामुळे नव्हे, आणि या पिवळ्या खेळण्यामुळेही नव्हे. गिरीश आधी उत्तराला बघायला आला होता. पोहे झाले, चहा झाला, आणि मग 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप गेला. पुढे उत्तराचं हेमचंद्रशी लग्न झालं. दोन वर्षांनी गिरीश पुन्हा त्याच घरी आला आणि धाकट्या सुचित्राला पसंत करून अमेरिकेला घेऊन गेला. म्हणजे ग्रह जरा इकडचे तिकडे असते तर! हा विचार हेमचंद्रला गिरीश साडू झाला त्या वर्षी शिवला आणि मग गेलाच नाही. गेल्या रविवारी गिरीशच्या मागे बसून तळ्यावर चक्कर मारताना उत्तरा अशी काही हसली होती, की काठावर उभ्या असलेल्या हेमचंद्रला ती दुसऱ्याच कुणाची तरी बायको वाटली.

बंद पडू दे एकदा सगळ्यांसमोर. जिरू दे त्याची.

"झालं का?" उत्तराने घरातून गराजमध्ये डोकावत विचारलं. तिने सुचित्राचा नारिंगी स्नोसूट चढवला होता आणि त्यात ती भलतीच तरुण दिसत होती.

"झालं," हेमचंद्र म्हणाला आणि त्याने चष्मा पुसला.

तळं घरामागेच होतं. जानेवारीअखेरीस त्याच्यावरून लोक ट्रकसुद्धा नेत. गिरीशने स्टार्टरची दोरी ओढली, मशिन धडधडलं, उत्तरा मागे बसली आणि तिने त्याच्या कमरेला धरलं. हेमचंद्र काठावर उभा राहून बघत राहिला. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला पिवळा ठिपका तळ्याच्या पार मध्यावर गेला आणि तिथेच थांबला. इंजिनचा आवाज चढत गेला, चढत गेला, मग तोही बंद झाला.

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो चालू लागला, मग जवळजवळ पळू लागला.

वाटेत गिरीश समोरून येताना भेटला.

"पट्टा भिजलाय यार," तो धापा टाकत म्हणाला. "मशिन आडवं करून पाणी काढलं. बादलीभर होतं! उत्तराताई तिथेच थांबल्यात. मी दोर घेऊन येतो."

मशिन कुशीवर पडलं होतं, पोट उघडं टाकून. उत्तरा त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. पुढच्या दोन भोकांत बर्फ गच्च बसला होता आणि ती हातमोज्याच्या बोटाने तो टोकरत होती.

"लागलं नाही ना कुठे?" हेमचंद्रने विचारलं.

"पाण्याला वाट मागून द्यायची," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "खालून द्यायची. तुमची दारं, तुमची भोकं, दहा वर्षं आमटीबरोबर गिळतेय मी. हे चुकून झालं म्हणू नका."

त्याने नजर भोकांकडे वळवली. वारा चेहऱ्याला झोंबत होता.

"कशासाठी?"

"तू त्याच्यामागे बसून हसतेस," तो म्हणाला. ऐकायला ते फारच पोरकट वाटलं, म्हणून त्याने उरलेलंही सांगून टाकलं. "पत्रिका जुळली असती तर त्याचीच झाली असतीस."

उत्तराने आता मान वर केली. तिच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते.

"पत्रिका कुणी बघितलीच नव्हती."

"म्हणजे?"

"मुलाला नाही म्हणायचं असलं की आपल्याकडे काय कळवतात? सगळ्या जगाला ठाऊक असतं ते. मी नाही म्हटलं होतं. आईने कळवलं पत्रिका जुळत नाही."

हेमचंद्रने चष्म्यावरचा बर्फ पुसला. त्याने विचारलं, "का नाही म्हटलंस?"

"ते राहू दे. आधी मला सांगा. भोकं पाडलीत तेव्हा मी सूट घालून तयार होते. यावर मीही बसणार, हे ठाऊक होतं?"

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती.

"होतं," तो म्हणाला.

ती उठली आणि गुडघ्यांवरचा बर्फ झटकत राहिली. झटकण्यासारखं काही उरलं नाही तरी झटकत राहिली.

गिरीश दोर घेऊन आला. दोघांनी मिळून मशिन सरळ केलं, दोर पुढे बांधला.

"नेमकं झालं काय असेल हो?" गिरीशने विचारलं.

उत्तराने नवऱ्याकडे पाहिलं. ती बोलणार नव्हती.

"भोकं चुकीच्या जागी पाडली मी," हेमचंद्र म्हणाला. "मुद्दाम."

गिरीशने खो खो हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय हो तुम्ही! कशाला स्वतःवर घेताय? माझं ड्रायव्हिंग खराब आहे, सरळ सांगा ना!"

उत्तरा हसली नाही. ती सीटवर जाऊन बसली, गिरीश बसायचा त्या जागी, आणि तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"चला," ती म्हणाली. "ओढा."

दोघे साडू दोर खांद्यावर घेऊन ओढू लागले. बर्फ पायांखाली करकरत होता, गिरीश अजूनही मधूनच हसत होता. थोडं अंतर गेल्यावर मागून तिचा आवाज आला.

"अहो, जोर लावा जरा. तुमच्या बाजूचा दोर सैल आहे."